आधी कॅसेटी, मग आजी, मग कॅमेरा

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमचं घर चिपळूणला बाजारपेठेजवळ आणि मूळ गाव तिथून तासाभरावर. २००५ साली माझे दीर दुबईहून सोनीचा हँडीकॅम घेऊन आले होते. त्यावर घेतलेल्या सहा लहान कॅसेटी आहेत. त्यात आमचं लग्न आहे, गावच्या घराची वास्तुशांत आहे आणि दोन वर्षांचा शिमगा आहे. माहेरची एक मोठी व्हीएचएस कॅसेटही माझ्याकडेच आहे, तिच्यावर पांढरे डाग पडलेत. सगळं पोटमाळ्यावर होतं म्हणून २०२१ च्या पुरातून वाचलं. परवा हँडीकॅम अडॅप्टरला लावून सुरू केला, तर पडद्यावर ‘सी:२१’ असं लुकलुकतं आणि कॅसेट चालत नाही. दुकानदार म्हणाला, भंगारात टाका.

आमच्या आजेसासूबाई ८७ वर्षांच्या आहेत. त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात, दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. शिमग्याला पालखी आमच्या घरी येणार आहे. मी साठ हजार रुपये बाजूला ठेवलेत, एक चांगला एचडी कॅमकॉर्डर घ्यावा म्हणून. मिस्टर म्हणतात फोन पुरे. दीर आता न्यू जर्सीला असतात, ते म्हणतात मी इकडून आणतो. कोणता घेऊ? फोर-के लागतोच का? आणि हे सगळं ठेवायचं कुठे? फोन तर रोज जागा संपली म्हणून सांगतो.

— चिपळूणची एक वाचक

प्रिय ताई,

हँडीकॅम भंगारात टाकू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ती म्हणजे ते सी:२१. सोनीच्या त्या काळच्या हँडीकॅममध्ये सी:२१ आलं म्हणजे आत दव धरलंय, एवढाच त्याचा अर्थ. आत एक छोटा गोल ड्रम गरागरा फिरत असतो आणि टेप त्याला वळसा घालून जाते. ड्रम ओला असला की टेप त्याला चिकटते, चुरगळते. म्हणून ओल जाणवली की कॅमेरा स्वतःहूनच थांबतो. चिपळूणचे इतके पावसाळे पोटमाळ्यावर काढलेल्या यंत्राला ओल लागणारच.

कॅसेटचं झाकण उघडा. आत कॅसेट असेल तर काढून घ्या आणि झाकण तसंच उघडं ठेवा. पुस्तिकेत तासभर थांबा म्हणून लिहिलेलं असतं, पण ही ओल तासाभरात जायची नाही. मी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला सिलिका जेलच्या नव्या पुड्या टाकून कॅमेरा दोन दिवस ठेवते. बुटाच्या खोक्यातल्या जुन्या पुड्या वापरू नका, त्यांनी केव्हाच ओल पिऊन घेतलेली असते. हेअर ड्रायर नको, कडक ऊन नको आणि तांदळाच्या डब्यात तर मुळीच नको, कारण तांदळाची पूड आत शिरते. दोन दिवसांनी सी:२१ जाऊन सी:२२ आलं, तर टेप वाचणाऱ्या हेडवर घाण बसलीये असं समजा. त्यासाठी क्लीनिंग कॅसेट मिळते. सी:३१ किंवा सी:३२ आलं तर मात्र दुखणं यंत्राच्या हलत्या भागात आहे, मग तुमची एकही कॅसेट आत घालू नका. सगळं ठीक दिसलं तरी पहिली कॅसेट लग्नाची घालू नका. कोरी मिळाली तर कोरी, नाहीतर सहांतली जी गेली तर सगळ्यात कमी वाईट वाटेल, ती. पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून बसलेली टेप सैल होते. त्याआधी कॅसेटच्या कडेची बारीक पट्टी ‘सेव्ह’कडे सरकवा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही.

एवढी घाई का करायची, तर टेपपेक्षा टेप वाजवणारी यंत्रं आधी संपत चाललीत. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. तुमच्या हँडीकॅममधल्या त्या मिनी-डीव्ही कॅसेटी बनवणं सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केलं. ध्वनी आणि चित्रफितींचे जगभरातले संग्रह सांभाळणाऱ्या मंडळींनी युनेस्कोबरोबर २०१९ साली टेपसाठी धोक्याची सूचना देणारी मोहीमच काढली होती. त्यांचं म्हणणं असं, की चालू यंत्रं, सुटे भाग आणि जाणकार दुरुस्तीवाले तिन्ही एकदम संपतायत आणि त्यानंतर टेप शाबूत असली तरी ती पाहायची कशावर? अशा दिवसांत तुमच्याकडे कॅसेटीही आहेत आणि बहुधा चालू होईल असा कॅमेराही. म्हणून साठ हजारांतला पहिला रुपया नव्या कॅमेऱ्यावर नको, या सहा कॅसेटींवर खर्च करा.

आता त्या उतरवून कशा घ्यायच्या ते नीट सांगते, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. मिनी-डीव्हीवरचं चित्र मुळातच डिजिटल असतं. कॅमेऱ्याच्या अंगावर ‘आय-लिंक’ किंवा ‘डीव्ही’ लिहिलेलं एक चिमुकलं भोक असेल. त्यातून फायरवायरच्या वायरनं टेपवरची माहिती जशीच्या तशी, एक कणही न गमावता, कॉम्प्युटरवर येते. आजच्या लॅपटॉपला ते भोक नसतं. जुना डेस्कटॉप आणि त्यात बसवलेलं फायरवायर कार्ड लागतं, म्हणून हे काम बाहेरूनच करून घ्यावं लागेल. चिपळूण, रत्नागिरी, पुणे, जिथे द्याल तिथे दोन गोष्टी आधी विचारा. तुम्ही फायरवायरनं उतरवता की पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी? आणि मला डीव्ही एव्हीआय फाइल देणार का? पिवळ्या पिनेतून घेतलं तर डिजिटल चित्राचं आधी अॅनालॉग होतं आणि मग पुन्हा डिजिटल, म्हणजे दुधात पाणी. आणि पुष्कळ जण तासाभराची कॅसेट दाबून डीव्हीडीवर बसवून देतात. ती डीव्हीडी टीव्हीवर बघायला बरी असते, पण मूळ म्हणून ठेवायला ती चालणार नाही. खरी डीव्ही फाइल तासाला साधारण १३ जीबी होते. तुमच्या सहा तासांचे अठ्ठ्याहत्तर जीबी. कुणी सहाच्या सहा कॅसेटी एका पेन ड्राइव्हच्या चार जीबीत बसवून दिल्या, तर काय गेलं ते यावरून कळेल.

फायरवायरचा आणखी एक फायदा फार कुणाला माहीत नसतो. त्या टेपवर प्रत्येक चौकटीबरोबर तारीख आणि वेळ लपवून लिहिलेली असते. पडद्यावर दिसत नाही, पण असते. फायरवायरनं घेतलं की तीही सोबत येते. मागे एका घरच्या कॅसेटी उतरवून घेताना मी शेजारी बसले होते. बारशाची म्हणून लिहिलेली कॅसेट होती, पण तारीख दिसली ती बारशाच्या आदल्या दिवसाची. पाळणा सजवताना कुणीतरी कॅमेरा तसाच चालू ठेवला होता आणि पाठीमागे त्या घरातली मावशी शेजारणीशी बोलत होती. मावशी जाऊन बारा वर्षं झाली होती. सगळे पाळणा बघायचे सोडून पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत बसले. म्हणून कॅसेट उतरवताना कोणताही भाग कंटाळवाणा म्हणून गाळू देऊ नका. टेप संपेपर्यंत सगळं घ्या.

व्हीएचएसवरचे पांढरे डाग ही बुरशी आहे. ती कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीत जाते. बाकीच्यांपासून लांब, कागदात गुंडाळून, पुस्तकासारखी उभी ठेवा आणि बुरशी आलेली टेप साफ करून देणाऱ्याकडेच द्या. आधी सांगून द्या, लपवू नका. हे काम जपून आणि हातानं करावं लागतं, त्याचे पैसे जास्त पडतात, ते द्यावेत.

आता आजी. त्यांच्यासाठी नवा कॅमेरा यायची वाट बघू नका. शिमग्यापर्यंतसुद्धा थांबू नका. येत्या रविवारी गावी जा. मिस्टरांचं म्हणणं इथे अगदी बरोबर आहे: शांत घरात, उजेडात, समोर बसलेल्या माणसासाठी फोन उत्तम चित्र देतो. तो कमी पडतो आवाजात. फोन समोर धरला की माइक आजींच्या तोंडापासून पाच-सहा फुटांवर आणि जातं मात्र मध्येच घरघरत असतं. म्हणून हजार-दोन हजारांत मिळणारा वायरचा कॉलर माइक आणा. तुमच्या फोनला कुठली पिन लागते ते दुकानात फोन घेऊन जाऊन बघा. तो पदराला, हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. रेकॉर्डिंग सुरू करून दोन मिनिटं बोलायला लावा आणि मग इयरफोन लावून ऐका. पदर माइकला घासत असेल तर खसखस ऐकू येईल. माइक थोडा सरकवा. पंखा आणि फ्रिज तेवढ्यापुरते बंद. आजींना खिडकीकडे तोंड किंवा कूस करून बसवा, खिडकी पाठीशी घेऊन नको, नाहीतर चेहरा काळा येतो. फोन आडवा, स्टँडवर किंवा डब्यांना टेकवून, एअरप्लेन मोडवर. पडद्यावर आजींच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस बांधले जातात, मग मध्येच चित्र अंधारं-उजळ होत नाही.

आणि त्यांना नुसतं ‘ओव्या म्हणा’ असं सांगू नका. खरोखर दळायला बसवा. मूठभर तांदूळ चालतील, खुंटा धरायला दुसरी बाई असली तर अजून चांगलं. ज्या बायकांना असं बसून म्हणायला सांगितलेलं मी पाहिलंय, त्यांना चौथ्या-पाचव्या ओवीनंतर आठवत नाही. हात फिरायला लागला की ओवी आपोआप येते, शब्द त्या फेऱ्यालाच बांधलेले असतात. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वां या संशोधकांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, पण तुमच्या आजींची सासरची, माहेरची, भावाची नावं गुंफलेली ओवी त्यात नसेल. ती फक्त तुमच्या घरात आहे. आधी परवानगी मात्र विचारा आणि नंतर गटावर किंवा यूट्यूबवर टाकायची असेल तर ते वेगळं विचारा. काही ओव्यांत घरातलं दुःख असतं. ते कुणापुढे म्हणायचं, हे बाईनं आयुष्यभर स्वतः ठरवलेलं असतं.

दुसऱ्या एखाद्या दिवशी, कॅसेटी उतरून आल्यावर, २००५ चा शिमगा आजींना टीव्हीवर दाखवा आणि फोन त्यांच्याकडे रोखून ठेवा. ‘हा कोण, ती कुणाची सून’ असं त्या सांगत जातील. वीस वर्षांपूर्वीच्या गर्दीतली निम्मी माणसं तुम्हाला ओळखता येणार नाहीत, तुमच्या मुलांना तर एकही नाही. नावं नसली की व्हिडिओत नुसती माणसं उरतात.

आता कॅमकॉर्डर. मी तुमच्या बाजूची आहे, कारण पालखीसाठी फोन खरंच अपुरा पडतो. रात्र असते, गर्दी असते, ढोल कानाशी असतो, पालखी खांद्यावरून नाचत पंचवीस-तीस फूट लांब गेलेली असते आणि सहाणेवरून, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावरून, निघून घरी येईपर्यंत चार तास उलटतात. फोन तापतो, बॅटरी उतरते, झूम केला की चित्राचे ठिपके होतात. हातात पट्ट्यानं घट्ट बसणारा, अंगठ्यानं झूम करता येणारा, बॅटरी बदलून पुन्हा चालू होणारा कॅमकॉर्डर इथे कामाचा. आता कंपन्या नवी मॉडेलं फार थोडी काढतात, पण जी आहेत ती याच कामासाठी आहेत. लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा घ्या असंही कुणी सांगेल. चित्र त्याचं देखणं असतं, पण झूमची चांगली लेन्स घ्यायची तर तुमचे पैसे त्यातच जातील. शिवाय त्यातले बरेच जुने कॅमेरे एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबतात. युरोपात सलग अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून जादा आयातशुल्क लागायचं, म्हणून कंपन्यांनी ती वेळ बांधून टाकली होती. पालखी दारात यायला आणि कॅमेरा थांबायला एकच गाठ पडायची.

दुकानात गेल्यावर पहिलं बघा ते सेन्सरचं, म्हणजे आतल्या उजेड टिपणाऱ्या चकतीचं, माप. रात्रीच्या उजेडात चित्र त्यावर ठरतं. सोनीचा सीएक्स-४०५ हा एचडी कॅमकॉर्डर हलका, स्वस्त आणि ३० पट ऑप्टिकल, म्हणजे लेन्सच्या खऱ्या झूमचा आहे, पण त्याचा सेन्सर १/५.८ इंच, म्हणजे नखापेक्षाही लहान, आणि बाहेरचा माइक लावायला त्याला जागाच नाही. दिवसाच्या वाढदिवसाला तो छान; तुमच्या पालखीला नाही. त्याच कंपनीच्या एएक्स-४३ चा सेन्सर १/२.५ इंचाचा, झूम २० पट, माइक आणि हेडफोन दोन्हींची भोकं, आणि त्यात लेन्ससकट सगळा डोलारा आत तरंगता ठेवून हात हलला तरी चित्र स्थिर ठेवण्याची सोय आहे. चालत्या पालखीबरोबर चालताना ही स्थिरता झूमपेक्षा जास्त उपयोगी पडते. झूमचा आकडा मोठा असेल तिथे सेन्सर लहान असतो, हे बहुतेक ठिकाणी खरं ठरतं. साठ हजारांत नवा मिळत नसेल तर अशा वर्गातला जपून वापरलेला घ्या. पण २०१० च्या आसपासचे आत हार्ड डिस्क बसवलेले कॅमकॉर्डर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, त्या डिस्कचं वय झालंय. खोक्यावर फोर-के, १६ पट डिजिटल झूम, नाइट व्हिजन असं सगळं एकदम लिहिलेले अनोळखी नावाचे कॅमेरेही ऑनलाइन दिसतील. त्यांत खरा झूमच नसतो, साधं चित्र ताणून फोर-के केलेलं असतं. डिजिटल झूम हा शब्द दिसला की तो आकडा शून्य धरा.

दिरांना मनापासून नको म्हणा. अमेरिकेत विकले जाणारे बरेच कॅमकॉर्डर सेकंदाला ६० किंवा ३० चित्रांच्या हिशोबानं चालतात आणि काहींत तो बदलताच येत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. मांडवातल्या ट्यूबलाइटखाली, एलईडी माळांखाली त्यात चित्र लुकलुकतं, पट्टे फिरतात. तुमचा दुबईचा हँडीकॅम आपल्याच पद्धतीचा आहे, म्हणून २००५ ला तुम्हाला हा त्रास झाला नाही. शिवाय तिकडची वॉरंटी इथे बहुधा चालत नाही. इथे घेतलेल्या कॅमेऱ्यात २५ किंवा ५० निवडा आणि शटर हातानं ठेवता येत असेल तर १/५० वर ठेवा. दिरांना पैसे पाठवायचेच असतील तर हार्ड डिस्कसाठी पाठवायला सांगा.

फोर-के लागतोच का, याचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं. आजींचा चेहरा, त्यांचे हात, जात्याचा खुंटा दिवसाच्या उजेडात फोर-केमध्ये घ्या. पालखी रात्री फुल एचडीत, ५० चित्रांवर घ्या. अंधारात फोर-केनं चित्र सुधारत नाही, फाइल मात्र साडेतीन पट होते: सेकंदाला १०० मेगाबिटचं फोर-के तासाला ४५ जीबी खातं, २८ मेगाबिटचं फुल एचडी साडेबारा जीबी. पाच दिवस रोज तीन तास धरलेत तर एचडीत १९० जीबी, फोर-केत पावणेसातशे. कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, खात्रीच्या दुकानातून, त्यावर वेगाची खूण म्हणून यू३ किंवा व्ही३० लिहिलेलं बघून घ्या. एका मोठ्या कार्डापेक्षा ६४ जीबीची दोन-तीन बरी. जादा बॅटरी आणि माइकला फरचं टोपरं हवंच. ढोल शेजारी असेल तर आवाजाची पातळी हातानं खाली आणा, नाहीतर सगळं फाटलेलं ऐकू येतं. आणि गावच्या मानकऱ्यांना, गुरवांना आधी विचारा, कुठवर कॅमेरा चालेल. गाऱ्हाण्याच्या वेळी पुढे घुसू नका. लांब उभं राहूनही गाऱ्हाणं सगळं टिपता यावं, म्हणून तर तो झूम घेतलाय.

पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यात तारीख-वेळ बरोबर लावा. पुढे शोधताना याच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

आता ठेवायचं कुठे. हे मी अनुभवानं सांगते. माझे वडील त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायचे, विहीर खणली तेव्हाची, पहिल्यांदा वीज आली तेव्हाची. त्या मी तीन संध्याकाळी बसून रेकॉर्ड केल्या, एका हार्ड डिस्कवर ठेवल्या आणि दुसरी प्रत काढायचं पुढच्या आठवड्यावर टाकलं. डिस्क टेबलावरून पडली. लावली की आतून टक्-टक् आवाज यायचा. दोन ठिकाणी नेली, कुणालाच काढता आलं नाही. माझ्याकडे आता एक चाळीस सेकंदांचा तुकडा आहे, तो मी भावाला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता म्हणून राहिला. व्हॉट्सअॅपनं तो इतका दाबलाय की बाबांचे डोळे नीट दिसत नाहीत. आवाज आहे.

म्हणून दोन हार्ड डिस्क, प्रत्येकी दोन टीबीच्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोन वेगवेगळ्या घरांत. २२ जुलै २०२१ चा पूर तुम्हाला मी सांगायला नको. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती पाण्याला एकच असतात. एक चिपळूणला वरच्या मजल्यावर, डब्यात सिलिका जेलबरोबर, आणि दुसरी पुण्या-मुंबईला ज्या कुणा नातेवाइकावर तुमचा भरवसा आहे त्याच्याकडे. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही नेण्या-आणण्याची साधनं, साठवण्याची नव्हेत. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, रोजच्या कामाला उत्तम, पण वीज न लावता वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तर तिच्यातलं पुसट होऊ शकतं. घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा थर आपल्या हवेत खराब होतो आणि ब्लू-रेच्या कोऱ्या डिस्कही सोनीनं कॅसेटींबरोबरच बंद केल्या.

कार्डावरून उतरवताना नुसत्या व्हिडिओच्या फाइली वेचून घेऊ नका. एव्हीसीएचडी या फुल एचडी रेकॉर्डिंगच्या पद्धतीत कॅमकॉर्डर मोठं रेकॉर्डिंग तुकड्यांत लिहितो आणि ते जोडायची माहिती शेजारच्या फोल्डरांत असते. ‘प्रायव्हेट’ नावाचं फोल्डर दिसेल, ते आहे तसं पूर्ण उचला. नाहीतर दोन तुकड्यांच्या सांध्यावर आवाज अडखळतो, नेमका ढोल टिपेला असताना. दोन्ही डिस्कवर प्रत गेली, फाइलींची संख्या आणि माप जुळलं, दोन-चार ठिकाणी सुरुवात-मध्य-शेवट चालवून पाहिलं, की मगच कार्ड रिकामं करायचं, तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. शिमग्याच्या पाच रात्रींत हे नेटानं करणं अवघड जातं, झोप अनावर असते. म्हणून घरातल्या एका मुलाला हेच काम नेमून द्या. पोरं ते अभिमानानं करतात.

फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग. अशानं ती आपोआप क्रमानं लागतात. आत एक साधी लिहिलेली फाइल ठेवा: कुठे, कोण कोण, पालखी कुठल्या वाटेनं आली. तीच माहिती एका वहीतही लिहा आणि वही डिस्कशेजारी ठेवा.

गुगल फोटोज तिसरी प्रत म्हणून ठेवायला हरकत नाही, निवडक गोष्टींसाठी. १ जून २०२१ पासून तिथे फुकट जागा १५ जीबीच आहे आणि त्यात ईमेलही धरलेला असतो. जागा वाचवण्याचा पर्याय निवडलात तर व्हिडिओ दाबून ठेवला जातो, म्हणून मूळ दर्जा निवडा. आणि खातं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर ते पुसून टाकण्याचा अधिकार गुगलनं ठेवलाय, तेव्हा घरातल्या वयस्कांच्या नावाच्या खात्यावर एकमेव प्रत ठेवू नका. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे चित्र दाबलं जात नाही.

दर खंडेनवमीला आपण घरातली हत्यारं, अवजारं काढून पुसतो, पूजा करतो. त्याच दिवशी या दोन्ही डिस्क काढा, लावा, थोडं थोडं चालवून बघा. पाचेक वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा, जुन्या फेकू नका.

पैशांचा हिशोब मी असा धरते: दोन डिस्क, कॉलर माइक, सहा कॅसेटी आणि व्हीएचएसची सफाई आधी बाजूला काढा. उरतील त्यांत कॅमेरा. नवा बसला नाही तर यंदाच्या पालखीसाठी भाड्यानं घ्या आणि वापरून बघून पुढच्या वर्षी ठरवा.

हँडीकॅमचं झाकण आज रात्रीच उघडून ठेवा. दोन दिवसांनी पडद्यावर काय आलं ते मला कळवा. सी:२२ आलं असेल तर क्लीनिंग कॅसेट किती सेकंद चालवायची, तेही तेव्हा सांगते.